ताडोब्याचं कोअर की गावाचं जंगल?

चंद्रपूर-गडचिरोलीत प्रबंधासाठी जंगल अभ्यासणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात.

पहिली राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याची, म्हणजे ताडोब्याच्या कोअरसारख्या (व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या, कडक संरक्षित) जंगलाची. इथे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचं कलम २८ लागतं. परवाना देतात मुख्य वन्यजीव रक्षक, आणि त्यांचं कार्यालय नागपूरला. ‘पक्ष्यांचा अभ्यास’ एवढं मोघम लिहू नका. जागा, महिने, पद्धत, सोबतची माणसं, सगळं मांडा. बघणं-मोजणं एवढ्यावर भागत असेल तर ठीक. प्राणी पकडून माग काढणारी रेडिओ कॉलर लावायची म्हटली की कलम १२ (प्राणी पकडायचा खास परवाना) येतं, आणि अनुसूची एकमधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी असेल तर केंद्राची पूर्वपरवानगीही.

दुसरी वाट सामूहिक वनहक्काच्या जंगलाची, म्हणजे जे राखायचा-वापरायचा हक्क कायद्याने गावाला मिळालाय त्या जंगलाची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला तो हक्क २००९ मध्ये मिळाला. अशा गावात आधी ग्रामसभेपुढे बसा. मोहफुलं वेचायच्या किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत मात्र जाऊ नका, कोणाला फुरसत नसते. आणि प्रश्न सरळ येतात: “माहिती नेऊन करणार काय? आम्हाला परत काय देणार?” माझ्या मते कोणत्याही अर्जापेक्षा ही परीक्षा अवघड, पण अभ्यासाला तीच धार लावते. (कलम १२ इथेही सुटत नाही, आणि वनरक्षकाला आधी कळवलेलं बरं.)

वाघ हाच विषय असेल तर कोअरची वाट धरा. एम.एस्सी.ला सहा महिनेच हाती असतील तर गावाचं जंगल धरा.