रोजची पोस्ट की महिन्याचं ईमेल-पत्र?

चित्रं लोकांपर्यंत न्यायचीत, पण हातातला ब्रशही सुटायला नको? मग आधी वेळ मोजा. फोटो, मजकूर, कमेंटना उत्तरं धरून सोशल मीडियावरची रोजची पोस्ट पाऊण तास सहज खाते; पत्राला महिन्यातून एक दुपार पुरते. नवे लोक मात्र पोस्टवरच भेटतात. टिकाऊपणात पोस्ट मार खाते: खातं बंद पडलं की फॉलोअर गेले. पत्राच्या वाचकांच्या ईमेल-पत्त्यांची यादी मात्र सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवून दुसऱ्या सेवेवर नेता येते. पत्राचं दुखणं वेगळंच. पाच-पाच एमबीचे फोटो तसेच डकवले की ते उघडताना रखडतं. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा. लोकांना न विचारता त्यांचे पत्ते यादीत घातलेत, तर पत्र स्पॅममध्ये जाऊ शकतं. अजून कुणी ओळखत नसेल तर आठवड्याला दोन पोस्ट बस झाल्या. ओळख झालीय, चित्रं विकायचीत? पत्रच.