फोर बाय फाइव्हसाठी पहिली लेन्स: १५० एमएम वापरून झाल्यावर

मागच्या पावसाळ्याआधी घेतलेली लेन्स, आता पुढचा पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा म्हणलं आता लिहायला हरकत नाही. निकॉनची निक्कॉर-डब्ल्यू १५० एमएम एफ/५.६, कोपल झिरो शटर (लेन्समध्येच बसवलेलं छोट्या मापाचं शटर), सेकंडहँड, जपानमधून मागवलेली. कॅमेरा चार बाय पाच इंची फिल्मचा, लाकडी फोल्डिंग, भात्याचा, टेक्निका टाइप बोर्ड (लेन्स बसवायची पाटी) घेणारा. वापर सगळा साताऱ्याच्या आसपास, बाहेर, वाऱ्यापावसात. स्टुडिओतला अनुभव शून्य, त्यामुळं त्याबद्दल विचारू नका.

पहिली लेन्स कुठली यावर लोक महिनोन्महिने घोळ घालतात, १३५ एमएम फोकल लेन्थची घेऊ का १५० का १८० का २१०, आणि माझं मत असं झालंय की त्यात एवढं डोकं घालवण्यासारखं काही नाही. १३५ आणि १५० मधला फरक बऱ्याचदा दोन पावलं मागंपुढं झालं की मिटतो. बघायचं ते इमेज सर्कल, म्हणजे लेन्स फिल्मवर पाडते तो उजेडाचा गोल, किती आहे आणि शटर धडधाकट आहे का. बाकी निकॉन, फुजी, श्नायडर, रोडेनस्टॉक, या चौघांच्या मल्टिकोटेड एफ/५.६ लेन्समध्ये एफ/२२ ला काढलेल्या फोटोत कोण कुठली ते ओळखून दाखवा, मी चहा पाजतो.

इमेज सर्कलचं असं आहे. फोर बाय फाइव्ह फिल्मवर जेवढा भाग उमटतो त्याचा कर्ण साधारण १५३ एमएम. लेन्स मागं जो गोल पाडते तो निदान एवढा पाहिजेच, नाहीतर कोपरे काळे. पण नुसता एवढाच असला तर लेन्स मधोमध ठेवून गप बसायचं, मग एवढं लाकूड-भाता घेऊन हिंडायचं कशाला? या लेन्सचा गोल एफ/२२ ला २१० एमएम आहे, म्हणजे आडव्या फ्रेमला पुढचं स्टँडर्ड (लेन्स धरणारी चौकट) साडेतीन सेंटीमीटरच्या वर उचलता येतं. संगम माहुलीला विश्वेश्वराच्या देवळापुढं हे लगेच कळतं. कॅमेरा वर तोंड करून लावला की देऊळ मागं कलंडतं, त्याऐवजी कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. ग्राउंड ग्लासवर, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या दुधी काचेवर, सगळं उलटं असतं त्यामुळं शिखर खालच्या कडेतून हळूहळू आत येतं आणि भिंती सरळच्या सरळ राहतात. पहिल्यांदा बघताना काळ्या कापडाच्या आत मी एकटाच हसत होतो, बाहेर दोन पोरं विचारतायत काका मोजणी चाललीय का.

जास्त उचललं का ते बघायला ग्राउंड ग्लासचे कोपरे कापलेले असतात, तिथून डोळा लावून लेन्सकडं बघायचं. अॅपर्चरचं भोक पुरं दिसलं तर ठीक, लिंबाच्या फाकेसारखं कडेनं कापलेलं दिसलं तर थोडं खाली घ्या नाहीतर अजून स्टॉप डाऊन करा, म्हणजे भोक बारीक करा. जुन्या प्रेस कॅमेऱ्यांवरच्या १२७ च्या लेन्स स्वस्तात मिळतात, शार्पही असतात, पण त्या फोर बाय फाइव्ह जेमतेम झाकतात. स्वस्त म्हणून घेताना एवढं ध्यानात ठेवा.

टिल्टला, म्हणजे लेन्स झुकवायला, मात्र फोकल लेन्थचा संबंध येतो. कासला फुलं पार क्षितिजापर्यंत शार्प पाहिजेत, नुसतं एफ/४५ करून ते होत नाही आणि केलं तरी डिफ्रॅक्शननं (बारीक भोकातून उजेड पसरल्यानं) सगळं मऊ पडतं, शिवाय एक्सपोजर लांबतं आणि तिथला वारा फुलांना एक क्षण उभं राहू देत नाही. त्यापेक्षा लेन्स पुढं झुकवायची. किती? लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर १५० ला साधारण ६ अंश, कमरेच्या उंचीवर पाऊण मीटरला आणलीत तर साडेअकरा. फोकल लेन्थ भागिले उंची, त्याचा साइन उलटा, झालं. २१० ला हेच दीड मीटरवर ८ अंश होतात, ९० ला साडेतीनच्या आत. हे सगळं शाइम्पफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर आहे, त्याचं पेटंट १९०४ चं, आणि तो बलूनमधून काढलेले फोटो नकाशासाठी सरळ करायच्या मागं होता. म्हणजे त्या पोरांचं मोजणीचं अगदीच चुकलं नव्हतं. ढगाळ उजेडात १२५ आयएसओच्या फिल्मवर एफ/२२ ला साधारण १/८ सेकंद येतो, वारा पडायची वाट बघत केबल रिलीज धरून बसायचं, दुसरा इलाज नाही.

शटर. कुठल्याही कंपनीचं असो, तीस-चाळीस वर्षं पडून असलेल्या शटरचे स्लो स्पीड आळसावतात, त्यामुळं आल्या आल्या तपासा. फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा, ऑडिओ अॅपमध्ये दोन खटक्यांमधलं अंतर मोजायचं, १ सेकंद, १/२, १/४ सहज कळतं. १ च्या जागी १.२ आला तर पाव स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), सोडून द्या. दीड आला तर अर्ध्या स्टॉपच्या वर, मग चिठ्ठी लिहून बोर्डाला चिकटवा आणि तेवढा धरून चाला. सर्व्हिसला इकडं कोण बसलंय!

बोर्डासाठी मी बाहेर पैसे घातले नाहीत, एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या टर्नरकडून दोन एमएम अॅल्युमिनियममध्ये करून घेतला. कोपल झिरोचं भोक ३४.६ एमएम. तो म्हणला, "दादा, पस्तीस करून देतो की, काय फरक पडतोय." खरं तर नसता पडला, मागची रिंग आवळली की बसतंच. पण बोलता बोलता त्यानंच व्हर्नियर लावून ३४.६ काढून दिलं, वर विचारतो हे कुठल्या मशीनला बसतंय. बोर्ड आतून मॅट काळा रंगवा, चकचकीत राहिला तर भात्यात उजेड नाचतो.

वजन २३० ग्रॅम, फिल्टर ५२ एमएम. हे कागदावर फालतू वाटतं पण अजिंक्यताऱ्याची चढण लागली की कळतं. त्याच कंपनीची २१० जवळपास दुप्पट जड, ४६० ग्रॅम, त्याहून मोठं कोपल वन शटर, ६७ चा फिल्टर. आणि माझा भाता ताणून साधारण ३०० एमएम जातो, म्हणजे १५० नं वस्तू आहे त्या आकारात फिल्मवर घेता येते, २१० नं त्याच्या निम्मीही नाही. जवळचं काढताना एक्सपोजर वाढवायला विसरू नका, एक मीटरवरच्या वस्तूला जवळपास अर्धा स्टॉप लागतो, वन टू वनला, म्हणजे आहे त्या आकारात घेताना, पुरे दोन.

आता कुठं कमी पडते ते. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीत उतरलो तर काही बसेना. कमान घेतली तर पायऱ्या गेल्या, पायऱ्या घेतल्या तर कमान गेली, मागं सरकावं तर भिंत. थर्टी फाइव्ह एमएम कॅमेऱ्याच्या हिशोबात ही ४२-४५ एमएम लेन्ससारखी दिसते, त्यामुळं वाडे, विहिरी, मेणवलीच्या वाड्यातल्या खोल्या, सगळीकडं हेच रडगाणं. उलट बाजूनं चाळकेवाडीच्या पठारावर लांबच्या पवनचक्क्या काड्यांएवढ्या येतात. आणि लेन्स बरीच वर उचलली की एफ/५.६ ला ग्राउंड ग्लासचे कोपरे इतके अंधारतात की लुप (भिंग) लावूनही फोकस अंदाजानंच.

फिल्मबद्दल बरेच जण विचारतात. इल्फर्डची फिल्म परवडेना म्हणून शिकताना मी मेडिकलवाल्याकडची आठ बाय दहाची ग्रीन एक्स-रे फिल्म कापून वापरली. एकातून चार निघतात, थोडी कड अजून छाटावी लागते नाहीतर होल्डरमध्ये अडकते. लाल दिव्यात डेव्हलप करता येते, हे शिकाऊ माणसाला फार मोठं सुख. मात्र दोन्ही बाजूंना इमल्शन असतं, ट्रेमध्ये जरा नख लागलं की ओरखडा, आणि लाल रंग तिला दिसत नसल्यानं तांबडी माती काळीकुट्ट येते.

पावसाळ्यात लेन्स बॅगेत कोंडून ठेवू नका, फंगस धरेल. मी स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, जेल ओलं झालं की तव्यावर परततो.

पुढं ९० एफ/८ बघतोय, विहिरीसाठीच. तीही कोपल झिरोत मिळते, फक्त ग्राउंड ग्लास एक स्टॉप अंधारी आणि एवढ्या आखूड लेन्सला माझा भाता गोळा होऊन राइज (लेन्स वर उचलणं) करू देईल का ते आधी कुणाकडची तरी लावून बघावं लागेल. कराड-सांगलीकडं कुणाकडं असेल तर सांगा, मी येतो.