चेरी ब्लॉसमचा एकच वीकेंड: कॅमेरा घेऊन वॉशिंग्टनला की न्यूअर्कला?

न्यू जर्सी-न्यूयॉर्कच्या बाजूला राहणाऱ्या, फोटोंची आवड असलेल्या मंडळींना दर वसंतात हा पेच पडतो. एकीकडे वॉशिंग्टन डी.सी.चं टायडल बेसिन हे तळं: पाणी, स्मारकं आणि सगळ्यांच्या ओळखीची ती फ्रेम. दुसरीकडे न्यूअर्कचं ब्रँच ब्रूक पार्क: झाडं वॉशिंग्टनपेक्षा जास्त, पण नाव त्या मानाने कमी. दोन्हीकडे जायला जमलं तर उत्तमच. एकच वीकेंड हाताशी असेल तर माझं मत असं: तारीख महिनाभर आधी पक्की करावी लागणार असेल तर न्यूअर्क धरा, आणि आठवडाभर आधी निर्णय घ्यायची मोकळीक असेल तर वॉशिंग्टनला जा. कुठली जागा जास्त सुंदर, हा वाद त्यानंतरचा.

याचं कारण झाडांतच आहे. टायडल बेसिनच्या काठची बहुतेक झाडं योशिनो जातीची. योशिनो बीपासून वाढवत नाहीत, हापूससारखी त्याची कलमं करतात. म्हणजे सगळी झाडं मुळात एकच. थंडी किती सोसली, ऊब किती मिळाली, हा हिशेब सगळ्यांचा जवळपास सारखा, म्हणून ती फुलतात एकदम आणि ओकीबोकी होतात तीही एकदम. ज्या दिवशी ७० टक्के योशिनो फुलं उमललेली असतात त्याला तिथली देखभाल करणारी सरकारी संस्था, नॅशनल पार्क सर्व्हिस, ‘पीक ब्लूम’ म्हणते. साधारणपणे हा दिवस मार्चचा शेवटचा किंवा एप्रिलचा पहिला आठवडा गाठतो. पण १९९० मध्ये तो १५ मार्चला आला होता आणि १९५८ मध्ये १८ एप्रिलला. इतकं मागे जायचीही गरज नाही: २०२४ मध्ये १७ मार्च, २०२५ मध्ये २८ मार्च. लागोपाठच्या दोन वर्षांत अकरा दिवसांचा फरक, आणि आपल्या हातात असतात दोन दिवस.

त्यात हवामानाचा भरवसा नाही. कळ्या उमलायच्या आधी ‘पफी व्हाइट’ नावाची अवस्था येते. कळी फुगते, टोकाला पांढरी दिसू लागते, आणि मग चार ते सहा दिवसांत झाड फुलतं. नेमक्या त्या सुमाराला कडाक्याची थंडी पडली की कळ्या जळतात. २०१७ च्या मार्चमध्ये असंच झालं आणि योशिनोचा जवळजवळ निम्मा बहर गेला. उमलल्यानंतर जोराचा वारा किंवा पाऊस आला तर उरलेलं काम तो करतो. म्हणून फेब्रुवारीत वॉशिंग्टनचं हॉटेल बुक करून मोकळं होणाऱ्यांना मी एवढंच सांगते: रद्द करता येईल असंच बुकिंग करा.

ब्रँच ब्रूकमध्ये ही धाकधूक कमी. तिथे चेरीच्या अठराहून जास्त जाती आहेत आणि झाडं पाच हजारांवर. १९२७ मध्ये कॅरोलाइन बॅमबर्गर फुल्ड यांनी दोन हजारांहून अधिक झाडं दिली, तिथून हे सुरू झालं. जाती वेगळ्या म्हणून वेळाही वेगळ्या. खाली झुकलेल्या फांद्यांची हिगान आधी, मग योशिनो, आणि शेवटी गडद गुलाबी, गच्च पाकळ्यांची क्वान्झान. एप्रिलच्या मध्याच्या आसपासचा कुठलाही वीकेंड धरला तरी काही ना काही फुललेलं सापडतंच. सगळं पार्क एकाच वेळी पांढरंशुभ्र दिसेल, असा तो क्षण मात्र इथे मिळत नाही. वॉशिंग्टनला सगळं किंवा काहीच नाही, न्यूअर्कला थोडं थोडं पण नक्की. एकाच वीकेंडचा प्रश्न असेल तेव्हा हा फरक मला लेन्स-बिन्स सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

फ्रेममध्ये काय येतं

वॉशिंग्टनचा सगळा जोर पाण्यावर आहे. मार्चच्या अखेरीस तिथे सूर्योदय सातच्या सुमारास होतो, आणि त्याआधीचा अर्धा तास हाच त्या ट्रिपचा खरा खजिना. वारा बहुतेक पडलेला असतो, पाणी स्थिर असतं. पश्चिमेच्या, म्हणजे एफडीआर (राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट) मेमोरियलच्या बाजूच्या काठावरून ईशान्येकडे पाहिलं की वॉशिंग्टन मोन्युमेंट आणि त्याचं प्रतिबिंब मिळतं, वर फांद्यांची चौकट. एमएलके (मार्टिन ल्यूथर किंग) मेमोरियलजवळून आग्नेयेकडे पाहिलं तर जेफर्सन मेमोरियल, त्याच्या डावीकडे उजळणारं आकाश. दोन जागांमधलं अंतर चालत थोडंच आहे, पण उजेड इतक्या झपाट्याने बदलतो की दोन्हीकडे न्याय देणं अवघड. एक निवडा आणि तिथेच थांबा.

सूर्य चांगला वर आला की गर्दी अशी वाढते की पायवाटेवर ट्रायपॉड लावणं म्हणजे दुसऱ्यांची वाट अडवणं. पीक ब्लूमच्या वीकेंडला दहा वाजल्यानंतर रिकाम्या काठाचा फोटो मिळवण्याचा नाद सोडून द्यावा. मग लांब लेन्स लावून माणसांकडे वळावं.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. खचलेला काठ नव्याने बांधण्याचं काम २०२४ मध्ये सुरू झालं आणि त्यासाठी चेरीची दीडशेच्या आसपास झाडं काढावी लागली. पोकळ बुंध्याचं, तरीही दर वर्षी फुलणारं, सगळ्यांचं लाडकं ‘स्टम्पी’ही त्यात गेलं. त्यामुळे जुन्या फोटोंवरून जागा हेरून ठेवली असेल तर तिथे ते झाड आहे का, वाट खुली आहे का, हे पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा. आणि ड्रोन घरीच ठेवा. वॉशिंग्टनच्या आकाशात त्याला परवानगी नाही.

न्यूअर्कला स्मारकं नाहीत. तिथलं एकच मोठं बांधकाम फ्रेममध्ये येतं, ते म्हणजे पार्कला लागून असलेलं सेक्रेड हार्टचं कॅथीड्रल. फ्रेंच गॉथिक घडणीचं, १८९९ मध्ये काम सुरू होऊन १९५४ मध्ये पुरं झालेलं. ते पार्कच्या पूर्वेला आहे. त्यामुळे तळ्याच्या पलीकडून, दुपार कलल्यावर, उतरतं ऊन त्याच्या दगडावर पडतं आणि पुढे फुलांच्या फांद्या येतात. वॉशिंग्टनची वेळ पहाटेची, न्यूअर्कची संध्याकाळची. ज्यांना पहाटे चारला उठणं जमत नाही किंवा घरच्यांना उठवणं जमत नाही, त्यांच्यासाठी हे साधं कारणही पुरेसं आहे.

पण न्यूअर्कचं माझं आवडतं काम कॅथीड्रलचं नाहीच. पार्क लांबुळकं आहे, एकंदर ३६० एकर, आणि चेरीची दाट झाडी उत्तरेकडे बेलव्हिलच्या अंगाला आहे. तिथे झाडाखाली चादर टाकून बसलेली कुटुंबं, क्विन्सेनियेराच्या (लॅटिन अमेरिकी मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्याच्या) घेरदार झग्यातली मुलगी आणि तिच्यामागे झगा सावरणाऱ्या मावश्या, सायकल शिकणारी पोरं असं सगळं गुलाबी छताखाली चाललेलं असतं. वॉशिंग्टनला बहुतेक सगळे फुलं बघायला आलेले असतात. इथे लोक आपला रविवार घालवत असतात आणि फुलं वर असतात. पोर्ट्रेट किंवा रस्त्यावरचं छायाचित्रण आवडत असेल तर न्यूअर्क कांकणभर सरसच. अर्थात कुणाचाही जवळून फोटो घ्यायचा तर आधी विचारावं, लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

जवळून पाहिलं तर

जुन्या योशिनोच्या काळपट बुंध्यावरच कधीकधी चार-पाच फुलांचा झुबका फुटलेला असतो. फांदी नाही, पान नाही. खरखरीत सालीवर आडव्या रेघा आणि त्यातून थेट निघालेली नाजूक पांढरी फुलं. गर्दीने भरलेल्या भर दुपारीही हा फोटो मिळतो, कारण त्याला हातभर जागा पुरते आणि पार्श्वभूमी आपोआप गडद असते. फूल ताजं आहे की उतरणीला लागलंय, तेही इथेच कळतं. नव्या फुलाचा मध्य फिका, हिरवट-पिवळट असतो. गळायची वेळ जवळ आली की तोच लालसर होत जातो. मध्य लाल दिसायला लागले असतील तर उद्यावर काही ठेवू नका, आजच काढून घ्या.

क्वान्झानचं फूल अगदी वेगळं. पाकळ्यांवर पाकळ्या, झुबके जड होऊन खाली लोंबणारे, आणि सोबत तांबूस कोवळी पालवी. योशिनो पानं येण्याआधीच फुलतो, त्यामुळे त्याच्या फ्रेममध्ये पांढरा आणि काळा एवढेच रंग असतात. क्वान्झानमध्ये गुलाबी, तांबडा आणि नंतर हिरवाही येतो.

इथे कॅमेऱ्याची सेटिंग्ज बदलतात. पांढरी योशिनो फ्रेमभर असेल तर कॅमेरा ती करडी करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). गडद गुलाबी क्वान्झानला उलट करा, एक तृतीयांश स्टॉप कमी ठेवा, नाहीतर लाल रंगातले बारकावे पुसले जातात आणि पाकळ्यांचा नुसता गुलाबी गोळा दिसतो. ढगाळ दिवस क्वान्झानला मानवतो. योशिनोला नाही, कारण पांढऱ्या आकाशावर पांढरं फूल दिसणारच नाही. तशा दिवशी वॉशिंग्टनला असाल तर कॅमेरा वर न करता फुलांमागे बुंधा, सदाहरित झाड किंवा पाणी येईल असा कोन शोधा. व्हाइट बॅलन्स दोन्हीकडे ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवा, कारण ऑटो नेमका तो हलका गुलाबीपणाच खाऊन टाकतो. फोनवर काढत असाल तर वाइड सोडा आणि टेलिफोटो वापरा. दूरच्या झाडांच्या रांगा जवळ येऊन बहर दाट दिसतो.

एकच लेन्स न्यायची असेल तर दोन्हीकडे ७०-२०० मिमीची टेलिफोटो झूम नेईन. वॉशिंग्टनला पहाटेच्या प्रतिबिंबासाठी एखादी वाइड आणि ट्रायपॉड जोडीला हवा. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) न्याल तर जपून फिरवा. आकाश गडद करता करता तो पाण्यातलं प्रतिबिंबही पुसून टाकतो, आणि त्याच्यासाठीच तर आपण पहाटे उठलेलो असतो.

महोत्सव हवाय की फुलं?

वॉशिंग्टनच्या बाबतीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तिथला नॅशनल चेरी ब्लॉसम फेस्टिव्हल काही आठवडे चालतो. मोन्युमेंटजवळच्या मैदानावरचा पतंगांचा दिवस, कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूवरची मोठमोठ्या फुग्यांची परेड, यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. फुलांच्या ठरलेल्या नसतात. २०२४ मध्ये पीक ब्लूम १७ मार्चला झाला आणि परेड १३ एप्रिलला होती. परेडच्या वीकेंडला फुलांच्या आशेने गेलात आणि योशिनो पार हिरवे झालेले दिसले, तर पूर्व पोटोमॅक पार्ककडे वळा. तिथे क्वान्झान आहेत आणि ते योशिनोनंतर साधारण दोन आठवड्यांनी फुलतात. गर्दीही टायडल बेसिनपेक्षा कितीतरी कमी.

न्यूअर्कच्या ब्लूमफेस्टमध्ये जपानी कलांची प्रात्यक्षिकं, संगीत, हस्तकलेचे स्टॉल असं असतं. रंगीत, घरगुती थाटाचं. त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणं कठीण, म्हणून न्यूअर्क पेन स्टेशनवरून लाइट रेलने ब्रँच ब्रूक पार्क स्टेशन गाठलेलं बरं.

वॉशिंग्टनला न्यूअर्कहून अ‍ॅमट्रॅकने जायला तीनेक तास लागतात, गाडीने चार धरा, आणि शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर त्याहून जास्त. तिथे गाडी हॉटेलवर सोडून मेट्रोने स्मिथसोनियन स्टेशन गाठून चालायचं. मात्र वीकेंडची पहिली मेट्रो सूर्योदयाआधी पोचवेलच असं नाही. वेळापत्रक पाहा, नाहीतर राहण्याची जागाच चालत जाता येईल अशी घ्या. पहाटेचा फोटो हेच वॉशिंग्टनला जायचं कारण असेल, तर पैसे हॉटेलच्या जागेवर खर्च करावेत, लेन्सवर नाही.

भारतातून आई-बाबा आलेले असतील किंवा मुलं लहान असतील तर निर्णय बराचसा तिथेच होतो. टायडल बेसिनची फेरी साधारण दोन मैलांची, गर्दीतून, बसायला जागा तोकडी. ब्रँच ब्रूकमध्ये चादर टाकायची, डबे उघडायचे आणि आपण आसपास फोटो काढत हिंडायचं. पण त्यांनी वॉशिंग्टन पाहिलंच नसेल तर फुलं हा बोनस समजून खुशाल न्या. स्मारकं कुठे जात नाहीत.

ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनचंही काही जण विचारतात. तिथल्या चेरी एस्प्लनेडवरच्या क्वान्झानच्या रांगा एप्रिलच्या अखेरीस सुरेख दिसतात, पण ती तिकीट काढून जायची, ठरावीक वेळात बंद होणारी बाग आहे. सूर्योदय तिथे मिळणार नाही. वॉशिंग्टन आणि न्यूअर्क दोन्ही हुकलं तर जरूर जा.

वॉशिंग्टनच ठरत असेल तर मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून टायडल बेसिनचा ब्लूमकॅम (झाडांवर रोखलेला लाइव्ह कॅमेरा) आणि पार्क सर्व्हिसने जाहीर केलेल्या अवस्था पाहत राहा. ‘पफी व्हाइट’ सोमवार-मंगळवारी जाहीर झालं तर येणारा वीकेंड तुमचा. बुधवारी-गुरुवारी झालं तर शनिवार सोडून रविवारची पहाट गाठा, आणि जमल्यास सोमवारची रजा टाका. सोमवारी सकाळी काठ बराच मोकळा असतो. पुढच्या चार दिवसांत जोराचा वारा किंवा गोठवणारी थंडी सांगितली असेल तर बुकिंग रद्द करा आणि एप्रिलच्या मध्याचा शनिवार न्यूअर्कसाठी राखून ठेवा.