रत्नागिरीची किल्ल्याकडची बाजू: एका दिवसाचा हिशेब

रत्नागिरी मला फार आवडते असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. पण माझी रत्नागिरी म्हणजे स्टँड, जिल्हा परिषद, मारुती मंदिर आणि परत स्टँड. देवरुखहून शाळेची कागदपत्रं घेऊन यायचं, काम झालं की मिळेल ती गाडी पकडायची. सहली आणल्या त्याही ठरलेल्या. टिळकांचं जन्मघर, थिबा राजवाडा. थिबा राजाचं तर झोपेतही सांगेन: १८८५ साली ब्रह्मदेशातून हद्दपार, १९१६ साली इथेच मरण. किल्ल्यावरच्या भगवतीच्या देवळाशी गाडी वीस मिनिटं थांबायची, मुलं मोजायची की निघालो. मिरकरवाड्याकडे, म्हणजे मासळीच्या बंदराकडे, गाडी कधी वळवलीच नाही. वास आला की पोरं नाकाला रुमाल लावायची, आणि खरं सांगायचं तर मीही.

डिसेंबरात डोंबिवलीहून ताई आली आणि म्हणाली, "तुझी रत्नागिरी दाखव गो." तेव्हा ठरवलं, या वेळी मला माहीत नसलेलीच दाखवायची.

सुरुवात भांडणाने झाली. स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्याने किल्ल्याचे दोनशे सांगितले. ताईचा गॉगल बघून सांगितले असणार. मी सरळ रहाटाघरच्या स्टँडवर चालत गेले आणि शहर बस पकडली. बसमध्ये मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांनीच कुठे उतरायचं, कुठून वर चढायचं ते सांगितलं. फुकटात याहून चांगला गाइड मिळायचा नाही.

रत्नदुर्ग घोड्याच्या नालासारखा आहे, हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवत आले. शिवाजी महाराजांनी १६७० साली आदिलशहाकडून घेतला, तीन बाजूंना पाणी, एका बाजूला जमीन, सगळं पाठ. पण तटावरून सावकाश चालल्याशिवाय तो नाल डोळ्यांना दिसत नाही. एका टोकाला बालेकिल्ला नि भगवती, दुसऱ्या टोकाला दीपगृहाची टेकडी, आणि खाली पेठकिल्ला, जिथे आजही लोक राहतात, दोरीवर कपडे वाळतात. उत्तरेला पांढरा समुद्र, दक्षिणेला मांडवीची काळी वाळू. मधे एवढं एक टेकाड, आणि दोन्हीकडच्या वाळूचे रंग वेगळे! काळ्या वाळूत इल्मेनाइटसारखी जड खनिजं असतात. हेही मी शिकवलंय, पण एका जागी उभं राहून मान इकडून तिकडे फिरवून कधी बघितलं नव्हतं. जाणाऱ्यांनी टोपी आणि पाणी न्यावं. वर सावली फक्त देवळाजवळ.

जेवलो मिरकरवाड्याच्या वाटेवरच्या एका घरगुती खानावळीत. चार टेबलं, पाटी रंग उडालेली. बांगड्याचं तिखलं मागवलं. त्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. रस अंगाबरोबर, त्रिफळं ठेचून घातलेली, जिभेच्या टोकाला मुंग्या येतील इतकीच. बांगडा काट्यापासून अलगद सुटत होता, म्हणजे सकाळचाच. तांदळाची भाकरी मागू तशी गरम. सुरमईचा तुकडा मात्र इतका पातळ की पलीकडची ताई दिसली असती. आणि सोलकढी! खरी सोलकढी थोडा वेळ ठेवली की फाटते, पाणी खाली बसतं. ही जेवण संपेपर्यंत तशीच गुलाबी. नारळाच्या गावात पावडरचं दूध! मालकीणबाईंना विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज गर्दी आहे ना." खोटं बोलल्या नाहीत, म्हणून पाचापैकी चार. दोघींचे सातशे झाले.

साडेतीनला जेट्टीवर गेलो. वास आहेच, पण दहा मिनिटांत नाक सरावतं. होड्या एकीला एक लागून इतक्या उभ्या होत्या की खलाशी त्यांच्यावरूनच चालत धक्क्यावर येत होते. बरेचसे नेपाळी. एक पोरगा पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरून फाटकी घरं विणत होता. सुई जायची, गाठ बसायची, आणि नजर सगळा वेळ मोबाइलवर. माझ्या वर्गातली मुलं लिहिताना इतकी सरळ ओळ धरत नाहीत. लिलाव मला शेवटपर्यंत कळला नाही. टोपल्यांभोवती घोळका, कोणीतरी आकडा ओरडतो, कोणीतरी मान हलवतं, संपला. ताईने मान हलवू नये म्हणून मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

जायचं तर हंगाम बघून जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, तेव्हा नुसत्या शाकारलेल्या होड्या बघून यावं लागेल. आणि चपला जुन्या घाला, खाली सगळा बर्फाचा नि मासळीचा चिखल.

एका म्हातारीने "घे गो बाय, आत्ताच उतरलेत" म्हणत बारा बांगडे दोनशेला दिले, वर मूठभर बर्फ. मांडवी राहूनच गेली.

परतीच्या एसटीत पिशवी सीटखाली ढकलली तरी बर्फाच्या पाण्याचा ओघळ कंडक्टरच्या बुटापर्यंत पोचला. म्हटलं, आता उतरवतो. त्याने खाली वाकून पिशवीत बघितलं.

"कितीला?"

"बारा, दोनशेला."

"फसवलं तुम्हाला, बाई," तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.