साऊथएंडची मुलींची ग्रामर शाळा: एका वर्षाचा अनुभव (आणि स्कॉर्ट)

परवा लेकीसाठी पुन्हा शाळेच्या खेळाचा स्कॉर्ट विकत घ्यावा लागला, म्हणून हे लिहितेय. एरवी लिहिणार नव्हते. इलेव्हन प्लसवर, म्हणजे ग्रामर शाळेच्या (परीक्षा घेऊन मुलं निवडणारी सरकारी शाळा) प्रवेश परीक्षेवर, इथल्या आपल्या लोकांत आधीच इतकं बोलून झालंय, की इंग्रजी आणि गणिताचे दोन पेपर, सप्टेंबरातली परीक्षा, ऑक्टोबरातला निकाल आणि 1 मार्चला कुठली शाळा मिळते याची धाकधूक हे सगळं तुम्हाला पाठ असेल. मी आत शिरल्यानंतरचं सांगते.

शाळेचं नाव लिहीत नाही. लंडनच्या पूर्वेला, एसेक्सच्या किनाऱ्यावरच्या साऊथएंडमध्ये चार ग्रामर शाळा, त्यांतल्या दोन मुलींच्या. आमची त्यांपैकी एक, एवढं पुरे. एसेक्समध्ये बहुतेक ठिकाणी निवड परीक्षा कधीच बंद झाल्या, इथे आणि चेम्सफर्ड-कोल्चेस्टरला तेवढ्या टिकल्या. 1998 च्या कायद्याने नवी ग्रामर शाळा काढायला बंदी आहे, सगळ्या इंग्लंडात मिळून 163 उरल्यात. त्यामुळे असलेल्या जागांवर उड्या पडतात. नवरा सकाळी लंडनच्या फेन्चर्च स्ट्रीटची गाडी पकडायला जातो, तेव्हा समोरच्या फलाटावर लंडनच्या बाजूने आलेल्या मुली ब्लेझर घालून उतरत असतात. स्थानिक पोस्टकोडला प्राधान्य आहे, तरी एवढ्या लांबून येतात.

आता स्कॉर्ट. पुढून स्कर्ट, आतून चड्डी, ना धड हे ना धड ते. खेळाच्या तासाला हाच लागतो, कारण त्यावर शाळेची आद्याक्षरं भरलेली असतात आणि ती अक्षरं एकाच दुकानात मिळतात. सुपरमार्केटमधला साधा काळा स्कॉर्ट आणि हा, दोन्ही शेजारी ठेवून मी पाहिले. कापड तेच, शिवण जवळपास तीच, किंमत तिप्पट. आणि शाळेच्या पहिल्या स्कॉर्टचं इलॅस्टिक नाताळच्या आत ढिलं पडलं. दुकानात घेऊन गेले तर काउंटरवरची बाई म्हणते, धुताना पाणी जास्त गरम घेतलं असेल. अहो, लेबलवर चाळीस अंश लिहिलंय, मी तीसवर धुते, वीजबिल मलाच भरायचं असतं. पावती दाखवा म्हणाली, दाखवली. मग म्हणे, महिना उलटून गेला.

त्यावर व्हॅटची फोडणी. लहान मुलांच्या कपड्यांवर इथे व्हॅट नाही, पण लहान कोण हे वयावर नाही, मापावर ठरतं. आमची अकरा वर्षांची, पण उंची बाबांवर गेलीय. त्यामुळे तिचा ब्लेझर मोठ्यांच्या मापात गेला आणि वीस टक्के कर लागला. तिच्याच वर्गातली बुटकी मैत्रीण तोच ब्लेझर करमाफीत घेते. शाळेत फक्त चौदा वर्षांखालची मुलं असती तर मोठं मापही सुटलं असतं म्हणे, पण इथे अठरापर्यंतच्या मुली आहेत. हे नियम मी करखात्याच्या कागदांत शोधून वाचले. नवरा म्हणाला, एवढ्या वेळात चार स्कॉर्ट शिवून झाले असते.

2021 मध्ये सरकारने शाळांना बंधनकारक सूचना काढल्या: चिन्हं लावलेले कपडे कमीत कमी ठेवा, एकाच दुकानाला कायमचं बांधून घेऊ नका, निदान पाच वर्षांनी निविदा काढा, वापरलेले कपडे मिळण्याची सोय करा. हे मी शाळेला ईमेलमध्ये सभ्य शब्दांत लिहिलं. उत्तर त्याहून सभ्य आलं. स्कॉर्ट आहे तिथेच आहे.

सासूबाई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर विचारत होत्या, "फी नाही म्हणजे म्युनिसिपालटीची का गं?" एका अर्थी हो, सरकारी पैशावरच चालते. दहावी-बारावीपर्यंत, म्हणजे जीसीएसई आणि ए लेव्हलपर्यंत, शिकवण्याचा एक पेनी घेत नाहीत. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा, नाहीतर वाटेल बाईला फक्त रडायचंच आहे.

ऑक्टोबरात मी मैत्रिणींना सांगत होते की शाळा जरा ढिली आहे. गृहपाठ कमी, वह्यांत चुकांवर लाल रेघा नाहीत, आणि नंबर कितवा ते कोणी सांगतच नाही. पालकभेट व्हिडिओवर, प्रत्येक शिक्षकाला पाचेक मिनिटं, वेळ संपली की वाक्याच्या मध्यात पडदा बंद. मी गणिताच्या बाईंना थेट विचारलं, वर्गात ती कितवी? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मागच्या चाचणीपेक्षा अपूर्णांक पक्के झालेत. मी नवऱ्याकडे पाहिलं. एवढी परीक्षा घेऊन घेता आणि आत गेल्यावर नंबर लपवता?

फेब्रुवारीपासून मत बदलायला लागलं. इंग्रजीच्या निबंधावर मार्क नव्हते, तीन प्रश्न होते. तिने तो हिरव्या पेनाने पुन्हा लिहिला, मग परत एकदा. तिसरा मसुदा मी वाचला. पहिल्यात सगळी वाक्यं क्लासमध्ये घोटलेली होती, अवघड विशेषणांची रास. तिसऱ्यात आमच्या घरातला माळा होता, पाण्याची टाकी कशी गुरगुरते ते होतं. परीक्षेसाठी आम्ही दोन वर्षं जे भरलं, ते शाळा हळूहळू बाहेर काढतेय, असं मला वाटलं. पैसे दोन्ही वेळा आमचेच, आधी क्लासची फी, आता कर, ते सोडा.

दुसरी गोष्ट विज्ञानाची. बनसेन बर्नर कोण पेटवणार यावर तिथे मुलगे नाहीतच, त्यामुळे भांडण मुलींचं मुलींशी. इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्सने 2012 मध्ये दाखवलं होतं, की सरकारी शाळांत फक्त मुलींच्या शाळेतल्या मुली ए लेव्हलला भौतिकशास्त्र घेण्याचं प्रमाण मिश्र शाळांच्या जवळजवळ अडीचपट आहे. त्यात निवड केलेल्या शाळांचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. आधीच हुशार मुली गोळा केल्यावर कौतुक शाळेचं किती आणि चाळणीचं किती? आमच्या लेकीच्या वर्गात ट्यूशन न लावता आलेली मुलगी मला अजून भेटली नाही. शाळा फुकट आहे, शाळेचं दार फुकट नाही.

शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी संस्थेचं एका शब्दातलं "आउटस्टँडिंग" बघून शाळा निवडत असाल तर थांबा. 2012 ते 2020 या काळात असा शेरा मिळालेल्या शाळांना नेहमीची तपासणी माफ होती, आणि 2024 च्या सप्टेंबरपासून एकशब्दी शेरा बंदच झालाय. त्यापेक्षा एखाद्या मंगळवारी सुटण्याच्या वेळी गेटबाहेर उभं राहा, कळतं.

जेवण बरं. पैसे बोटाच्या ठशावर कापले जातात, त्यामुळे कुकी किती खाल्ल्या ते मला ॲपवर दिसतं आणि ते तिला माहीत आहे.

आणि वारा! थेम्सच्या मुखावरून जो येतो तो हाडांत जातो. ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की इथे सव्वा मैलाहून लांब धक्का बांधावा लागला, सहलीच्या धक्क्यांत जगातला सगळ्यात लांब म्हणतात. तो सगळा चिखल ओलांडून वारा सरळ नेटबॉलच्या मैदानावर. जानेवारीत मुली त्या स्कॉर्टमध्ये, गुडघे निळे. लेगिंग चालतात, हो, पण शाळेच्या अक्षरांचे. तेही त्याच दुकानातून.

पालक संघाच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीत परवाचा स्कॉर्ट दोन पाउंडांत मिळाला, मोठ्या मापाचा, एकदम धडका. आधीच्या मालकिणीचं नाव आत शिवलेलं होतं, ते उसवायला संध्याकाळ गेली. विक्री टर्ममध्ये एकदाच असते आणि दहा मिनिटांत ब्लेझर संपतात, तेव्हा लवकर जा आणि नाणी घेऊन जा, तिथे कार्ड चालत नाही.

ढिल्या इलॅस्टिकचा जुना स्कॉर्ट मी टाकलेला नाही. नवं इलॅस्टिक घालून ठेवलाय. धाकटी पुढच्या सप्टेंबरात परीक्षेला बसतेय.