यामाहा पी-४५ चा हार्प्सिकॉर्ड टोन: जुनी पॉप गाणी वाजवणाऱ्यांनी नक्की वाचा

यामाहाच्या पी-४५ या डिजिटल पियानोचे रिव्ह्यू ढिगानं सापडतात पण सगळे ग्रँड पियानोपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात, फार तर इलेक्ट्रिक पियानोबद्दल एक ओळ. मी हा पियानो घेतला तो बऱ्याच अंशी त्यातल्या हार्प्सिकॉर्डच्या आवाजासाठी (पियानोसारखंच पट्ट्यांचं, पण तारा छेडून वाजणारं जुनं युरोपियन वाद्य), कारण मला साठच्या दशकातली इंग्लिश-अमेरिकन पॉप गाणी वाजवायची असतात आणि त्या गाण्यांत हे वाद्य जागोजागी आहे. त्यामुळे हा रिव्ह्यू फक्त त्या टोनचा, बाकीचं दुसरीकडे वाचा.

एकूण टोन, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज, १०, त्यात हार्प्सिकॉर्ड दोन. पॅनेलवर मात्र याचा पत्ताच लागत नाही, कारण बटणं जवळपास नाहीतच. ग्रँड पियानो/फंक्शन असं लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी ठरलेली पट्टी दाबायची, पट्टी कोणती ते मॅन्युअलमधे आहे. म्हणून दुकानात डेमो देताना तिकडे कोणी वळतच नाही. मी जिथे ऐकायला गेलो तिथल्या मुलाला मीच मॅन्युअल उघडून दाखवलं, मग तोही बराच वेळ वाजवत बसला.

आता मुख्य मुद्दा. या टोनबद्दल एक तक्रार नेहमी कानावर येते, की कितीही जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, आवाज तेवढाच येतो, टच रिस्पॉन्स नाही, म्हणजे टोन स्वस्तातला आहे. अहो नाही! हे वाद्यच तसं आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते, जोरात आपटली की आवाज मोठा. हार्प्सिकॉर्डमधे पट्टीच्या मागच्या टोकावर एक बारीक लाकडी काठी उभी असते, तिच्यातून छोटीशी नखी बाहेर आलेली असते, पट्टी दाबली की काठी वर उचलली जाते आणि नखी तार छेडून जाते. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची करायचे, आता बहुतेक प्लास्टिकची असते. सतार वाजवणारा नखी हळू किंवा जोरात मारू शकतो कारण ती त्याच्या बोटात आहे, इथे ती यंत्रात बसवलेली, तुमच्या जोराशी तिचं फारसं देणंघेणं नाही. यामाहानं पी-४५ मधे हे मुद्दाम तसंच ठेवलंय आणि माझ्या मते अगदी योग्य केलंय.

त्याहून छान गोष्ट म्हणजे बोट उचलतानाचा आवाज. खऱ्या वाद्यात पट्टी सोडली की काठी खाली येते, नखी तारेला हलकंसं घासून जाते आणि वरचा फेल्टचा तुकडा तारेवर बसतो, त्याचा एक बारीक खट् असा आवाज येतो. तो इथे आहे!! स्पीकरवर सहज कळत नाही, हेडफोन लावा, एकच सूर धरून ठेवा, पूर्ण विरायच्या आत सोडा, स्पष्ट ऐकू येईल. या किमतीच्या वाद्यात एवढा विचार केलाय याचा मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या टोनमधे त्याच आवाजात वरच्या सप्तकाचा सूर मिसळलाय त्यामुळे तो जास्त झळाळतो. एकट्यानं वाजवायला मला पहिला आवडतो, रेकॉर्डबरोबर साथीला वाजवायचं तर दुसरा, कारण गिटार आणि ड्रम्सच्या गर्दीतून तोच वर येतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे यार्डबर्ड्स या इंग्लिश बँडचं १९६५ चं फॉर युअर लव्ह. त्यात हार्प्सिकॉर्ड वाजवलाय ब्रायन ऑगरनं. तो मुळात ऑर्गनवाला माणूस, पण स्टुडिओत ऑर्गन नव्हता, हार्प्सिकॉर्ड होता, म्हणून तो वाजवला आणि गाण्याची ओळखच ती झाली. सुरुवातीला नुसते कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) आहेत, ई मायनर, जी, ए, ए मायनर, बस. हे चार कॉर्ड दुसऱ्या टोनवर वाजवून बघा, सगळे सूर एकदम न दाबता खालून वर किंचित मोकळे करून, आणि मग तेच ग्रँड पियानोवर वाजवा. पियानोवर ते बिचारे एकदम साधे वाटतात. तिथे कळतं की या गाण्यात कॉर्डपेक्षा ती छेडण्याची धारच जास्त काम करतेय.

आवाज लहान-मोठा करता येत नाही म्हटल्यावर वादकाच्या हातात उरतं काय, तर सूर किती वेळ धरायचा, कधी सोडायचा, एकावेळी किती सूर वाजवायचे आणि कॉर्ड कसा मोकळा करायचा. पॉपवाल्यांनी नेमकं हेच वापरलंय आणि पी-४५ वर हे सगळं जमतं. स्ट्रँगलर्सचं गोल्डन ब्राउन घ्या, सिंगल १९८२ चं, ब्रिटनमधे दुसऱ्या नंबरपर्यंत गेलेलं, हार्प्सिकॉर्डवर डेव्ह ग्रीनफील्ड. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात तीन-तीन मात्रांचे तीन भाग आणि मग एक चार मात्रांचा, म्हणजे एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन चार, आणि परत पहिल्यापासून. दादऱ्याची सवय असलेला हात त्या चौथ्या मात्रेवर हमखास अडखळतो. पियानोच्या टोनवर वाजवताना आपण नकळत प्रत्येक भागाच्या पहिल्या सुरावर जोर देऊन तो धक्का सांभाळून घेतो, हार्प्सिकॉर्डवर ती सोयच नाही, सगळे सूर एकाच उंचीचे, त्यामुळे ती जास्तीची मात्रा एखाद्या गिरकीसारखी निघून जाते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की मोजणी कुठे बदलली. मला वाटतं हे गाणं पियानोवर तसं लागलंच नसतं. ग्रीनफील्ड २०२० मधे कोविडनं गेला, तेव्हापासून हे वाजवताना त्याची आठवण येतेच.

दोन टोन एकत्र लावायची सोय आहे, त्यात हार्प्सिकॉर्ड आणि स्ट्रिंग्ज लावून लेफ्ट बँकचं वॉक अवे रेने वाजवा, १९६६ चं, हार्प्सिकॉर्डवर मायकल ब्राउन. जुन्या युरोपियन शास्त्रीय संगीताच्या वळणाचं पॉप, बरोक पॉप म्हणतात ते हेच. स्ट्रिंग्जचा आवाज जरा मागे ठेवा म्हणजे छेडलेला सूर पुढे आणि लांबणारा सूर मागे असं होतं, फार सुंदर वाटतं. जॅक्सन फाइव्हच्या आय'ल बी देअरची सुरुवातसुद्धा पहिल्या टोनवर छान बसते.

जमत नाही ते पण सांगतो. बीटल्सच्या बिकॉजसाठी (१९६९, अ‍ॅबी रोड) हा टोन चालत नाही. त्यात त्यांचा प्रोड्युसर जॉर्ज मार्टिननं बाल्डविन कंपनीचा इलेक्ट्रिक हार्प्सिकॉर्ड वाजवलाय, त्याच्या तारांचा आवाज इलेक्ट्रिक गिटारसारखा पिकअपमधून येतो, कोरडा आणि जवळचा. पी-४५ चा आवाज लाकडी पेटीतल्या वाद्याचा आहे, जरा खोलीची हवा असलेला, तो तिथे फिट होत नाही.

आणि बीटल्सचंच इन माय लाइफ. त्यातला मधला सोलो बरेच जण हार्प्सिकॉर्ड समजून वाजवतात, पण तो पियानो आहे, जॉर्ज मार्टिननं टेप अर्ध्या वेगात चालवून एक सप्तक खाली वाजवला आणि मग टेप नेहमीच्या वेगात सोडली. सूर वर गेले, लवकर विरायला लागले आणि कानाला छेडलेली तार वाटायला लागली. हे मी घरी करून बघितलं, ग्रँड पियानोचा टोन, अर्धा वेग, खालचं सप्तक, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून वेग दुप्पट. शेजारी हार्प्सिकॉर्ड टोनवर तोच तुकडा सरळ वाजवून ठेवला. रेकॉर्डच्या जवळ जातो तो पियानोवाला! त्या सोलोत काही सूर जोरात आहेत काही हळू, आणि ते हार्प्सिकॉर्डमधे येणारच नाही. तर या गाण्यासाठी हार्प्सिकॉर्ड टोन लावू नका, पियानोच लावा.

पट्ट्यांबद्दल. पी-४५ ला पियानोसारख्या वजनदार पट्ट्या आहेत, खालच्या बाजूला जास्त जड, वर हलक्या. पियानो शिकणाऱ्यासाठी उत्तम, पण खऱ्या हार्प्सिकॉर्डच्या पट्ट्या याहून बऱ्याच हलक्या असतात आणि भरभर मुरक्या घ्यायच्या असतील तर इथे हात दमतो. गोल्डन ब्राउनचा तो अखंड फिरणारा तुकडा पूर्ण गाणंभर वाजवताना मनगट सैल ठेवा, जोर लावून काहीच मिळणार नाहीये. सोबत छोटा पेडल येतो तो या टोनला शक्यतो वापरू नका, हार्प्सिकॉर्डला तसा पेडल नसतो, आणि दाबलात की सगळे सूर एकमेकांत मिसळून तो सोडण्याचा खट् आवाजच हरवतो. पंचाहत्तर टक्के गंमत तिथेच आहे असं माझं मत.

फक्त हार्प्सिकॉर्डच पाहिजे, पियानोशी काही घेणं नाही, असं असेल तर हलक्या पट्ट्यांचा साधा कीबोर्ड बघा. पियानो तर हवाच आहे आणि वर ही गाणीपण वाजवायचीत, तर डोळे झाकून घ्या. आता याच्या जागी पी-१४५ आलाय त्यामुळे पी-४५ सेकंडहँड बरेच मिळतात. बघायला जाल तेव्हा स्वतःचे हेडफोन न्या. ग्रँड पियानोवर प्रत्येक पट्टी हळू दाबून बघा, एखादी मधेच ओरडली तर आतला कॉन्टॅक्ट खराब असू शकतो. हे हार्प्सिकॉर्ड टोनवर कळणार नाही, तिथे सगळ्या पट्ट्या सारख्याच वाजतात, म्हणून हा टोन आवडला तरी तपासणी पियानोवरच करा.