जीपीएस आहेच, मग ट्रान्सपॉन्डर कशाला?

३१ जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याआधी कोकणातल्या मिरकरवाडा, हर्णै या बंदरांत नौकांना रंग लागत असतो, जाळी दुरुस्त होत असतात, आणि नाखव्यांच्या बोलण्यात हा प्रश्न निघतोच: नौकेवर जीपीएस आहे, तर उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा जो ट्रान्सपॉन्डर सरकार फुकट देतंय, तो बसवायचा कशाला?

माझं मत, बसवा. जीपीएसही ठेवा.

जीपीएस फक्त ऐकतं. उपग्रहांचे संकेत पकडून तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला सांगतं, दुसऱ्या कुणाला नाही. पण वाट दाखवण्यात त्याला तोड नाही. तीसएक उपग्रह आहेत, आणि जाळं कुठल्या खडकाला अडकतं ते तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्याने, वर्षानुवर्षं त्यातच नोंदवून ठेवलेलं असतं. मालकी मात्र अमेरिकी लष्कराची. मे २००० पर्यंत सामान्यांना मिळणारा संकेत ते मुद्दाम बिघडवून देत. असं परावलंबन नको म्हणून भारताने ‘नाविक’ हे स्वतःचं जीपीएससारखं जाळं उभारलं. पण त्याच्या उपग्रहांतली अचूक वेळ देणारी अणुघड्याळं एकामागून एक बंद पडली आणि जुलै २०२५ मध्ये दिशादर्शनाला चारच उपग्रह उरले. स्थान काढायला किमान तेवढे लागतातच. मला याचं फार वाईट वाटतं, पण आज एकट्या नाविकवर विसंबू नका.

ट्रान्सपॉन्डर बोलतो. मोबाइलची रेंज गेली, वायरलेस किनाऱ्यापर्यंत पोचेना, तरी तुमचा ठावठिकाणा आणि संदेश इस्रोच्या जीसॅट-६ उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतो आणि वादळाचा इशारा तुमच्यापर्यंत जातो. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या ६८ नौका ९५२ माणसांना घेऊन देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. बंदरावरचा वादळाचा बावटा खोल समुद्रातल्याला कसा दिसणार? ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला सुरू झालेल्या या ट्रान्सपॉन्डर योजनेत देशभरातल्या १ लाख नौका धरल्या आहेत.

हा जीसॅट-६ सहज वर गेलेला नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने जड उपग्रह नेणाऱ्या रॉकेटच्या क्रायोजेनिक (अतिथंड इंधनाच्या) इंजिनाचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, मग ते इंजिन इथेच घडवायला वीसएक वर्षं गेली. जीसॅट-६ ऑगस्ट २०१५ मध्ये त्याच देशी इंजिनाच्या जीएसएलव्ही रॉकेटवर गेला. त्याच्या एस-बँड लहरींच्या वापरासाठी इस्रोची व्यापारी कंपनी अँट्रिक्स आणि देवास ही खासगी कंपनी यांच्यात झालेला करार सरकारने २०११ मध्ये रद्द केला, आणि ते भांडण परदेशी न्यायालयांपर्यंत गेलं.

खरी कच्ची बाजू पुढे आहे. जोडीला पाठवलेल्या जीसॅट-६ए शी मार्च २०१८ मध्ये उड्डाणानंतर दोनच दिवसांत संपर्क तुटला. जीसॅट-६ चं आयुष्य ९ वर्षांचं धरलं होतं, ते उलटून गेलंय. एका म्हाताऱ्या उपग्रहावर एवढा भार आहे, म्हणून वायरलेस आणि लाइफ जॅकेट यांत कसूर नको.

‘आमची मासळीची जागा सगळ्यांना कळेल’ ही भीती मी हर तांडेलाकडून ऐकतो आणि ती मला पटते. नौकांची ही नोंद कोण बघतं, हे मच्छीमार सोसायट्यांनी लेखी मागून घ्यावं. पण त्यासाठी यंत्र नाकारणं मला पटत नाही.

थुराया, इरिडियमचे सॅटेलाइट फोन कुणी स्वस्तात देऊ केले तर हात लावू नका, परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे.

ट्रान्सपॉन्डर बसवलात की पहिल्या फेरीआधी बंदरातच खलाशांसमोर एक संदेश पाठवून बघा. आणीबाणीचं बटण कुठे आहे ते तांडेलाइतकंच नौकेवरच्या सगळ्यात धाकट्या पोरालाही माहीत हवं.